गुडघा सरकतो

उतरायचं म्हटलं की गिरिजा जिन्याच्या तोंडाशीच थबकायची. चढण्याचं एक वेळ निभून जायचं. दोन मजल्यांवर जरा टेकायचं, पदराने घाम पुसायचा, कठडा धरून पुन्हा वर. पण खाली यायची वेळ आली आणि उजव्या पायावर भार देऊन डावा पाय खालच्या पायरीकडे नेला, की उजवा गुडघा आतल्या आत सरकायचा. दुखायचंही फार नाही. नुसतं सरकायचं, आणि क्षणभर वाटायचं की आपल्याखाली पायच नाही.

आता हे सांगायचं तरी कोणाला? नवऱ्याला सांगितलं, तर सूर्यकांतराव म्हणाले, "गुडघा काय सरकतो? टेबलाचा ड्रॉवर आहे का तो?"

सूर्यकांतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे. आणि या बाबतीत त्यांचा शेरा कधीच मारून झाला होता: बाईसाहेबांना दिल्लीच्या टोकाला, द्वारकेला, राहायला यायचं नव्हतं, म्हणून हा गुडघा.

गोष्ट सुरू झाली ती मात्र द्वारकेच्या बरीच आधी. संक्रांतीच्या दिवशी, पानिपतच्या रस्त्यावर.

संक्रांतीला इकडे महाराष्ट्रात हलव्याचे दागिने, तर दिल्लीतली मराठी मंडळी तिळगुळाचा डबा घेऊन पानिपतच्या काला अंबला जाणार. अडीचशे वर्षांपूर्वी जिथे आपली माणसं पडली, तिथे हात जोडायचे, कोणीतरी भाषण करायचं, मग ढाब्यावर जेवायचं. त्या वर्षी सूर्यकांतरावांचे थोरले भाऊ भाऊसाहेब, घरातले दादा, आणि अहिल्यावहिनी पुण्याहून मुद्दाम त्यासाठी आले होते. शिवाय घरात नवी कोरी मारुती आली होती. जन्म स्कूटरवर गेला आणि एके दिवशी बँकेचा माणूस आपल्या पायांनी ऑफिसात येऊन कर्जाच्या कागदावर सही घेऊन गेला, असे दिवस आले होते. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

मानाप्रमाणे पुढच्या सीटवर भाऊसाहेबांनी बसायचं. पण धुकं असं दाट, की काचेवर आतून सारखी वाफ धरत होती आणि ती फडक्याने पुसायला शेजारी कोणीतरी हवं होतं. थोरल्या दिराच्या हातात फडकं कोण देणार? म्हणून गिरिजा पुढे. मांडीवर तिळगुळाचा डबा, हातात फडकं. सीटबेल्ट तेव्हा शोभेला असायचा.

मुरथल मागे पडलं आणि धुक्यातून एकदम उसाची ट्रॉली उभी राहिली. ना दिवा, ना लाल कापड. सूर्यकांतरावांनी करकचून ब्रेक मारला. गिरिजा तेव्हा काच पुसायला पुढे सरकलेली, पाय दुमडलेले. तिचा उजवा पाय खाडकन डॅशबोर्डवर आपटला, गुडघ्याच्या जरा खालीच, आणि आत काहीतरी ओढल्यासारखं झालं.

गाडी वाचली. ट्रॉली आपल्या तंद्रीत पुढे गेली. सूर्यकांतरावांनी थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक दोनदा ओढला.

"अहो, गुडघ्याला लागलं हो. फार जोरात लागलं," गिरिजा म्हणाली.

भ्यालेला माणूस एक तर चिडतो नाही तर विनोद करतो. सूर्यकांतराव म्हणाले, "अगं, पानिपतावर लाख माणूस कापलं गेलं, आणि तू गुडघा काय घेऊन बसलीस!"

मागे भाऊसाहेब ठसका लागेपर्यंत हसले. अहिल्यावहिनी हसल्या. सगळ्यांच्या जिवात जीव आला. आता अशा हसण्यात बाईमाणसाने काय करायचं? गिरिजाही हसली आणि म्हणाली, "काही नाही. दुखत नाहीये."

काला अंबला ती हिरवळीवरून चालली, काळ्या स्तंभापुढे हात जोडून उभी राहिली, मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत उभी राहिली. ते भाषण कधी लवकर संपलंय? गुडघा आतून भरून येत होता, पण जिथे घराणीच्या घराणी संपली तिथे बर्फाची पिशवी कोण मागणार! लाजच वाटली असती. तिने सगळ्यांना तिळगूळ वाटला. आणि या चालण्याचीच पुढे सगळ्यांनी साक्ष काढली.

घरी आल्यावर गुडघा थोडा सुजला, आणि काही दिवसांनी उतरलाही. लक्ष्मीबाई नगरातल्या डिस्पेन्सरीत एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "हड्डी बिल्कुल साफ है. उमर का भी थोड़ा होता है, बहनजी." क्रेप बँडेज दिलं, गोळ्या दिल्या. लक्ष्मीबाई नगरातला तेव्हाचा सरकारी क्वार्टर तळमजल्याचा. सपाट जमिनीवर गुडघा निमूट चालायचा. गिरिजालाही वाटलं, जाईल हळूहळू. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात.

मग पाडवा आला, आणि पाडव्याला द्वारकेच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली.

गिरिजाला तिकडे जायचं नव्हतं, हे खरंच होतं. त्यात लपवण्यासारखं काय? नवऱ्याच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, क्वार्टर हातात होता, शेजारी नागपूरच्या साधनाताई होत्या, भाजीवाला दाराशी येत होता. "राहू की तोवर इथेच," ती म्हणाली होती. सूर्यकांतराव म्हणाले, "जन्मभर सरकारी भिंतीत राहिलो. खिळा ठोकायचा तरी अर्ज. आता माझ्या भिंतीत मी खिळा ठोकणार." त्यांचंही काही चुकत नव्हतं. सोसायटीच्या ड्रॉमध्ये चौथा मजला निघाला. लिफ्टची जागा होती, दार होतं, बटणसुद्धा होतं, फक्त लिफ्ट नव्हती. पोरं त्या खड्ड्यात बॉल टाकायची आणि रडायची. पाण्याचा टँकर सकाळी यायचा, वीज मनाला येईल तेव्हा. चहूकडे अर्धवट इमारती आणि धूळ. सूर्यकांतराव बाल्कनीत उभे राहून म्हणायचे, "पाच वर्षांत बघ इथे काय होतं ते." गिरिजा खालचा जिना बघायची.

त्या जिन्यावर गुडघ्याने रंग दाखवले. पहिल्या आठवड्यात ती दोनदा पडता पडता वाचली. मग तिचं खाली जाणंच कमी झालं. सूर्यकांतराव म्हणाले, "चढताना बरी चढतेस. उतरतानाच बरोबर दुखतं का?" तिला स्वतःलाही ते विचित्रच वाटत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असंच कोणीही म्हणेल. अहिल्यावहिनींनी फोनवर महानारायण तेल आणि गुडघ्याखाली उशी सांगितली. कोपऱ्यावरच्या व्यायामवाल्याने पालथं झोपवून पायाला वजन बांधून टाच कुल्ल्याकडे आणायला लावली. तिने इमानेइतबारे सगळं केलं. गुडघा आणखी सैल झाला.

आणि मग तिचं तिलाच एक सापडलं. एकदा टँकर आलेला, घरात थेंब नाही, सूर्यकांतराव ऑफिसात, मृणाल झोपलेली. ही मृणाल त्यांची एकुलती एक. गुडगावला अमेरिकेतल्या लोकांचे फोन घ्यायची नोकरी करायची, रात्रभर जागायची आणि दिवसा मेल्यासारखी झोपायची. तिला उठवायचं गिरिजाच्या जिवावर आलं. तिने बादल्या घेतल्या, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, आणि काय वाटलं कोण जाणे, पाठ फिरवली. दोन्ही हातांनी कठडा धरला, बादल्या कोपराला अडकवल्या आणि उजवा पाय आधी मागे खाली टाकला, मग डावा. गुडघा सरकला नाही. तशीच ती चार मजले उलटी उतरली, खाली पोचली आणि तिला इतका आनंद झाला की टँकरवाल्याकडे बघूनसुद्धा ती हसली.

आनंद किती टिकणार! पन्नाशीची बाई साडीचा ओचा खोचून जिना उलटी उतरते म्हटल्यावर सोसायटीला विषयच मिळाला. पोरं "रिवर्स गियर आंटी" म्हणायला लागली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सूर्यकांतरावांना विचारलं, "भाभीजी ने कोई मन्नत मानी है क्या?" त्या दिवशी सूर्यकांतराव घरात शिरले ते चपला काढायच्या आधीच म्हणाले, "शोभतं का हे? घर नको होतं तर तसं सांगायचं होतं. तमाशा कशाला?"

"अहो, पण मला सरळ उतरताच येत नाही."

"त्या दिवशी अख्खं काला अंब फिरलीस. तूच म्हणालीस, दुखत नाहीये. मी ऐकलंय या कानांनी."

त्या कानांनी आधीचं वाक्य मात्र ऐकलं नव्हतं. गिरिजा स्वयंपाकघरात निघून गेली. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर जिन्यात जात होता.

शेवटी मृणालने हट्ट धरून एमआरआय करवला. "पापा, प्लीज, एकदा स्कॅन करून टाकू ना यार. मग क्लिअर होईल." गिरिजा मशीनच्या नळकांड्यात पडून राहिली, कानाशी ठाकठूक चाललेली, आणि देवाला म्हणाली, काहीतरी निघू दे. आता सांगा, कोणती बाई देवाकडे दुखणं मागते? पण तिने मागितलं. काहीतरी तुटलेलं निघू दे, म्हणजे मी खोटी नाही एवढं तरी कळेल.

रिपोर्ट आला. हाडं ठीक, कूर्चा ठीक, लिगामेंटं सगळी अखंड.

सूर्यकांतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी थकल्या आवाजात म्हणाले, "मशीन तर खोटं बोलत नाही ना, गिरिजा?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. लोकांनी विश्वास ठेवला नाही, हे एक वेळ सोसतं. पण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती गुडघा वाकवून बघायची आणि मनाशी म्हणायची, खरंच सरकतो की मलाच सरकायला हवाय? मला इथे यायचं नव्हतं, ते खरं. साधनाताईंची आठवण येऊन मी मोरीत नळ सोडून रडते, ते खरं. मग मनच पायाला फितवत नसेल कशावरून? जिन्यात एकदा तिने निश्चय करून सरळ उतरायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावर गुडघा गेला आणि ती बसकण मारून चार पायऱ्या घसरली. कोपर सोललं. वर जाऊन तिने कोपराला हळद लावली आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय!

कोपर मृणालनेच पाहिलं. तिच्या ऑफिसातल्या एका मुलाचा गुडघा हॉकी खेळताना गेला होता आणि जनकपुरीतल्या डॉक्टर ग्रोवरांनी तो मार्गी लावला होता. ग्रोवर सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले, घराच्याच पुढच्या खोलीत बसायचे. "एकदा चल, आई. लास्ट टाइम," मृणाल म्हणाली. सूर्यकांतराव म्हणाले, "मी येतो. एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे." ते एमआरआयची पिशवी काखोटीला मारून निघाले, कोर्टात पुरावा न्यावा तशी.

डॉक्टर ग्रोवरांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाद में," ते म्हणाले. "पहले बताइए, तकलीफ कब होती है?"

"उतरते समय," गिरिजा म्हणाली, आणि नेहमीच्या टोमण्याची वाट बघत खाली मान घातली.

"चढ़ते समय नहीं?"

"चढ़ती तो ठीक है, डॉक्टर साहब," सूर्यकांतरावांनी संधी सोडली नाही. "और आजकल तो उलटी उतरती है. पीठ करके. आदत पड़ गई है."

ग्रोवरांचं पेन थांबलं. "आदत से कोई उलटा नहीं उतरता, साहब." मग गिरिजाकडे वळून, "चोट कैसे लगी थी?"

"गाड़ी में. डैशबोर्ड पे घुटना लगा."

"मुड़ा हुआ घुटना?"

"जी."

म्हातारे डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी गिरिजाला टेबलावर उताणं झोपवलं, साडीवर चादर टाकली, दोन्ही गुडघे उभे दुमडले आणि तळवे जवळजवळ टेकवले. हात लावलाच नाही. नुसते बाजूला सरकून, खाली वाकून बघत राहिले. सहा-सात महिन्यांत तिचा गुडघा वरून दाबून पाहिला होता, पुढून पाहिला होता, मशीनमध्ये घातला होता. बाजूने कोणीच पाहिलं नव्हतं.

"साहब, इधर आइए," ग्रोवर म्हणाले. "ऐसे नहीं. नीचे झुकिए. आँख घुटने के बराबर लाइए."

सेक्शन ऑफिसर सूर्यकांतराव टेबलाशी गुडघ्यांवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर बायकोचे दोन गुडघे होते. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचं हाड चांगलं पुढे आलेलं होतं. उजव्या वाटीखाली तिथेच खळगा होता. नडगी आपली जागा सोडून मागे पडली होती. समजायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती, डोळे असले की पुरे.

"अब पैर वहीं रखिए और जाँघ कसिए," ग्रोवर गिरिजाला म्हणाले. तिने मांडी आवळली, आणि सूर्यकांतरावांच्या नाकासमोर ती नडगी पुढे सरकून डाव्यासारखी जागेवर आली. तिने मांडी सोडली. नडगी पुन्हा मागे पडली. मग डॉक्टरांनी दोन्ही हातांनी पोटरीचा वरचा भाग धरून हलकेच मागे रेटला, आणि ती आणखी मागे गेली.

"इसे हम लोग ड्रॉवर टेस्ट कहते हैं," ते म्हणाले. "दराज़ जैसा खिसकता है ना, इसलिए."

सूर्यकांतरावांनी उठून एमआरआयची पिशवी पुढे केली.

"पर एमआरआय में तो..." त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

ग्रोवरांनी समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या असतात, एक पुढची, एक मागची. पुढचीचं नाव खेळाडूंमुळे सगळ्यांना ठाऊक. मागची नडगीला मागे पडू देत नाही, आणि ती जाते अशीच, दुमडलेला गुडघा डॅशबोर्डवर आपटला की. पण ही मागची दोरी पुष्कळदा आपली आपण जुळते. फक्त लांब होऊन जुळते. जुन्या पेटीकोटचं इलॅस्टिक तुटलेलं नसतं, पण कमरेवर राहतं का? इतक्या महिन्यांनी फोटो काढला, तर दोरी अख्खीच दिसणार. "फोटो झूठ नहीं बोल रहा," ते म्हणाले, "पर ये भी झूठ नहीं बोल रहीं."

गिरिजाने डोळे मिटून घेतले. छताचा पंखा कुरकुरत होता. ये भी झूठ नहीं बोल रहीं. एवढं एक वाक्य ऐकायला तिने देवाकडे दुखणं मागितलं होतं.

"उस दिन घर में बताया नहीं था?" डॉक्टरांनी सहज विचारलं. "तभी आ जातीं तो पट्टा बाँधकर सीधा रखते, शायद इतना ढीला न होता."

"नहीं जी," सूर्यकांतराव लगेच म्हणाले. "उलटा इसने खुद कहा था, दर्द नहीं है."

गिरिजा टेबलावर पडल्या पडल्या मराठीत म्हणाली, "त्याच्या आधी मी काय म्हणाले होते, ते सांगा ना."

"काय म्हणाली होतीस?"

"गुडघ्याला लागलं हो, फार जोरात लागलं, म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, पानिपतावर लाख माणूस कापलं गेलं आणि तू गुडघा काय घेऊन बसलीस. दादा हसले. वहिनी हसल्या. मग मी म्हणाले, दुखत नाहीये." तिचा आवाज चढला नाही. किराण्याचं सामान सांगावं तसं तिने सांगितलं.

ग्रोवरांना मराठी येत नव्हतं, पण नवराबायकोतलं कुठलं बोलणं कशाचं आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळत असावं. ते टेबलाशी जाऊन औषध लिहीत बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले.

मग नडगी मागे रेटून एक एक्स-रे झाला, त्यात किती सरकते ते दिसलं. ऑपरेशनची घाई नको, डॉक्टर म्हणाले, मांडी बळकट करायची. मांडीनेच आता त्या दोरीचं काम करायचं. टाच मागे ओढायचा व्यायाम बंद, त्याने नडगी आणखी मागे जाते. पोटरीला मागून आधार देणारा पट्टा लावायचा. "और तकिया कहाँ रखती हैं?"

"घुटने के नीचे."

"वहाँ नहीं. पिंडली के नीचे रखिए. वो लटके नहीं, इसलिए." त्यांनी पोटरीला हात लावून दाखवलं आणि ते सूर्यकांतरावांकडे वळले. "आपने देख लिया ना, कहाँ?"

"देख लिया," सूर्यकांतराव म्हणाले.

त्यांनी माफी मागितली का? छे. त्यांच्या घराण्यात ती पद्धत नव्हती. उलट आठवड्याभरात ते त्या गुडघ्याचे अधिकारी झाले. गिरिजा आतल्या खोलीत मांडी आवळत आणि सोडत पडलेली असायची आणि बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज यायचा, "नाही दादा, पुढचं नव्हे, मागचं लिगामेंट. मोठमोठ्यांना कळत नाही. मला पहिल्यापासून शंका होतीच."

गिरिजाला असा संताप आला की उठून फोन हिसकावून घ्यावा. पण मांडी आवळलेली होती आणि ग्रोवरांनी मनातल्या मनात दहा म्हणेपर्यंत सोडायची नाही म्हणून बजावलं होतं. दहा म्हणून होईपर्यंत फोन संपला. असो, म्हणाली ती. काही माणसांना चूक कबूल करण्यापेक्षा इतिहास बदलणं सोपं जातं.

पण रात्री झोपताना ते न चुकता यायचे, चादरीची घडी करून पोटरीखाली ठेवायचे, आणि खाली वाकून डोळा गुडघ्याच्या रेषेत आणून बघायचे. जिन्यात ते तिच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून, स्वतः उलटे उतरायचे. पोरं खिदळायची. सेक्रेटरी काही म्हणाले तर सूर्यकांतराव त्यांना दोन लिगामेंटांमधला फरक ऐकवायचे, मग ते दिसले की सेक्रेटरीच वाट बदलायला लागले. दिवाळी झाली. गुडघा सुधारला, आणि सुधारल्यावर, व्हायचं तसंच, लिफ्ट सुरू झाली. आठवड्यातून चार दिवस चालायची. ग्रोवर म्हणाले, पहिल्यासारखा होणार नाही, पण आयुष्य निघेल. गिरिजा म्हणाली, तसंही पहिल्यासारखं काय राहिलंय!

पुन्हा संक्रांत आली. भाऊसाहेब आणि अहिल्यावहिनी पुन्हा पुण्याहून आले. या खेपेला मंडळाच्या दोन गाड्या सोसायटीखालीच जमणार होत्या. गिरिजाने गुळाच्या पोळ्या केल्या, तिळगुळाचा डबा भरला. गुडघा अगदी शहाण्यासारखा वागत होता. आदल्या दिवशी ती चारही मजले सरळ उतरून दूध घेऊन आली होती, भाऊसाहेबांच्या देखत.

सकाळी बाहेर धुकं होतं. डबा घ्यायला ती बाहेरच्या खोलीत आली, तर डब्यावर एक नवं पिवळं फडकं घडी करून ठेवलेलं. काच पुसायला. सूर्यकांतरावांनी आठवणीने आणलं होतं.

तिने डबा उचलला नाही. वर्षभराचा शीण, जिना, बादल्या, ते नळकांडं, मोरीतलं रडणं, सगळं त्या फडक्यावर येऊन बसलं. तिला जायचं नव्हतं. पण या घरात जायचं नाही म्हणायला मन पुरत नाही, त्याला एखादा अवयव लागतो. ती आत जाऊन पलंगावर बसली.

"मी येत नाही," ती म्हणाली. "गुडघा बरा वाटत नाहीये."

वर्षभरात पहिल्यांदाच ती गुडघ्याबद्दल खोटं बोलली होती.

बाहेरून भाऊसाहेब म्हणाले, "अरे, काल तर टणाटण जिना उतरत होती! आता ऐन वेळी काय?"

गिरिजाने मान खाली घातली. आता येणार, तिला वाटलं. आता सगळं पहिल्यापासून.

"दादा," सूर्यकांतरावांचा आवाज आला, "दुखतंय म्हणते ना ती. मग दुखतंय."

ते आत आले. त्यांनी तिला आडवं व्हायला लावलं, चादरीची घडी केली, पोटरीखाली सारली. वाकले, एक डोळा मिटून गुडघ्याच्या रेषेत बघितलं, घडी अजून थोडी वर सरकवली. त्यांच्या टकलावर धुक्याचा गारवा होता. मी खरं बोलत होते तेव्हा सबंध सहा महिने कोणी विश्वास ठेवला नाही, आणि आज खोटं बोलले तर एका शब्दात ठेवला, गिरिजाच्या मनात आलं. तिला ते सोसेना.

"अहो," ती म्हणाली, "दुखत नाहीये."

ते चादर नीट करत राहिले.

"खरंच सांगते. आज अजिबात दुखत नाहीये. मला नुसतं यावंसं वाटत नाही. दमले हो मी."

"गप्प पडून राहा," सूर्यकांतराव म्हणाले. "दुखत नाहीये असं तू तेव्हाही म्हणाली होतीस."

गिरिजा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि तिने पदर तोंडावर घेतला. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. सूर्यकांतराव बाल्कनीत गेले आणि धुक्यात ओरडून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. दादा आणि वहिनी येतायत खाली. आम्ही दोघं येत नाही."